व्हर्जिल गॅस्किन्सची सरळ रेघ

“सात इंच!” व्हर्जिल गॅस्किन्स न्हाणीघरातल्या आरशासमोर छाती काढून म्हणाला. “फक्त सात इंच, आयडेला! चाळीस वर्षं मी या मेकन शहरात टाइल्स बसवल्या. कोर्टाच्या स्वच्छतागृहात जा, शाळांच्या जेवणघरात जा, तीन-तीन चर्चच्या तळघरांत जा. जमिनीवर आडवी होऊन एका टोकाला डोळा लाव. रेघ केसभर जरी हलली असेल ना, तर माझं नाव बदल! आणि मला माझ्या कपाळावरची केसांची सात इंचांची रेघ सरळ करता येणार नाही?”

आयडेला पलंगाच्या काठावर बसून शिया बटरचा गोळा तळहातावर चोळत होती. तिनं स्वतःचे केस चार वर्षांपूर्वी बोटभर ठेवून बाकीचे उडवले होते आणि तेव्हापासून दर दुसऱ्या बुधवारी ती मानेवरचे केस स्वतःच मशीननं बारीक करत असे. आधी पाण्याचा फवारा, मग बटर, मग बोटांनी एकेक कुरळी बट मोकळी करायची. सगळं मिळून वीस मिनिटं, आणि तोंडानं एक शब्द नाही. डोकं असं दिसायचं की चर्चमधल्या तरुण मुली नंबर लावून विचारायच्या, “सिस्टर आयडेला, कुठे जाता हो?”

“मी करून देते,” ती म्हणाली. “दहा मिनिटांत होईल.”

“तू नको. तुझा हात ओळखतात ते.”

“ते” म्हणजे न्हावी ब्रदर होझिया ब्रँटली (आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांचे ब्रदर नि सिस्टर). आणि या गोष्टीतली सगळी भीती त्यांच्याचबद्दलची आहे.

ब्रदर होझिया एकोणतीस वर्षं व्हर्जिलचे केस कापत होते. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता खिडकीजवळची खुर्ची व्हर्जिलची. व्हर्जिलच्या लग्नाच्या सकाळी केस कापले ते ब्रदर होझियांनी. व्हर्जिलचे वडील गेले तेव्हा आपली पिशवी घेऊन अंत्यविधीवाल्यांकडे गेले आणि त्या थंड खोलीत उभं राहून म्हाताऱ्याच्या केसांची शेवटची कड काढून दिली तीही ब्रदर होझियांनीच, आणि बाहेर येऊन म्हणाले होते, “जा, बघून घे. तुझा बाप अगदी रविवारसारखा दिसतोय.” असा माणूस. आमच्याकडे लोक चर्च बदलतात, पक्ष बदलतात, एखाददुसरा बायकोही बदलतो. न्हावी कोणी बदलत नाही!

पण गेल्या वर्षभरात ब्रदर होझियांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे अख्ख्या मेकनला माहीत होतं, एकट्या ब्रदर होझियांना सोडून. त्यांचं म्हणणं, हल्ली बल्बच वाईट येतात. त्यांनी दुकानातले बल्ब तीनदा बदलले. मागच्या महिन्यात कोटांच्या खुंटाळ्याकडे बघून ते अदबीनं म्हणाले, “या, तुमचाच नंबर.” खुंटाळा काही आला नाही. तेव्हा ते थोडे चिडले.

दुकानातून बाहेर पडणारी माणसं आता दारातच टोपी चढवत. कोणाची कड डावीकडे अर्ध्यावर अडकलेल्या दुकानाच्या शटरसारखी, कोणाची पायऱ्या-पायऱ्यांची. पण तोंड उघडून सांगणार कोण? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला “तुमचा हात गेला” असं सांगायचं म्हणजे त्याच्या हातून मशीन नाही, काळीज काढून घ्यायचं. सगळे गप्प राहिले. टोप्यांचा खप वाढला.

आणि आता येत्या रविवारी चर्चमध्ये पुरुषांचा दिवस होता. वर्षातून एकदा सगळे पुरुष काळ्या सुटात, पुरुषांचाच गायकवृंद, पुरुषांचंच सगळं, आणि यंदाचा अध्यक्ष व्हर्जिल गॅस्किन्स! व्यासपीठावर उभं राहायचं, आणि चर्चमध्ये पुरुषाला टोपी चालत नाही. शिवाय त्याच्या नेहमीच्या बाकामागचा बाक कोणाचा? ब्रदर होझियांचा. ते बारा वर्षं दर रविवारी स्वतःच्या कारागिरीकडे बघत प्रार्थना म्हणत आले होते.

म्हणून व्हर्जिलनं बेत आखला. बेत म्हणजे तरी काय, टाइल्सच्या कामाचा असावा तसा चोख. गुरुवारी दुपारी दुकानात फोन करायचा: सर्दी झालीय, या शनिवारी येत नाही. मग घरी ब्रदर होझियांच्याच कापणीवर फक्त पुढची रेघ सरळ करायची. रविवारी बरं होऊन व्यासपीठावर उभं राहायचं. त्यांना वाटेल ती आपलीच रेघ. कोणाचं मन दुखवायचं नाही, कोणाचं कपाळ वाकडं दिसायचं नाही!

फोन त्यानं केला. आवाज जरा घोगरा काढला. पलीकडे ब्रदर होझियांच्या मशीनची घरघर थांबली.

“एकोणतीस वर्षांत तू एक शनिवार चुकवला नाहीस, व्हर्जिल.”

“साधी सर्दी आहे हो, ब्रदर होझिया.”

“साधी असती तर तू आला असतास,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पण बेत ठरला होता.

त्यानं डोकं धुतलं, पुसलं, केसांत बसवलेल्या बारीक लाटांवरून ब्रश फिरवला. या लाटा त्याची खरी मिळकत. माथ्याच्या भोवऱ्यापासून चहूबाजूंनी पाण्यात खडा टाकावा तशा पसरलेल्या! रोज सकाळी शंभर वेळा ब्रश, रोज झोपताना रेशमी फडकं घट्ट बांधायचं, मशीन नेहमी केस ज्या दिशेनं झोपतात त्याच दिशेनं चालवायचं. हे सगळं त्याला पाठ होतं. मशीनच्या पात्यात दोन थेंब तेल सोडलं. मग कामाच्या पेटीतून चिकटपट्टी काढून कपाळावर आडवी लावली आणि तिच्यावर टेकवली लेव्हल. चांगली नऊ इंची. काचेच्या नळीतला बुडबुडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि बरोबर मधे येऊन थांबला.

“आहाहा!” व्हर्जिल म्हणाला.

मशीन सुरू झालं. घर्र! पट्टीच्या काठाकाठानं त्यानं कड मारली. पट्टी सोलून काढली. काय सांगू तुम्हाला! संगमरवराच्या काठासारखी रेघ! आयुष्यात तो इतका खूश फक्त दोनदा झाला होता, आणि त्यातलं एकदा आयडेलाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग त्याचं लक्ष भुवयांकडे गेलं.

त्याची उजवी भुवई डावीपेक्षा भुईमुगाच्या दाण्याएवढी वर होती. त्रेसष्ट वर्षं वर होती, पण कधी कळलं नव्हतं, कारण ब्रदर होझिया शहाणे. ते रेघ भुवयांच्या कलानं काढायचे. आता खाली तिरक्या भुवया आणि वर लेव्हलमधली रेघ! सबंध चेहरा भिंतीवर वाकड्या टांगलेल्या तसबिरीसारखा दिसू लागला.

“हात्तिच्या! उजवीकडे थोडं वर घेतलं की झालं,” व्हर्जिल म्हणाला.

घेतलं. पण आरशातली उजवी बाजू कुठली आणि आपली कुठली हे व्हर्जिलला माहीत होतं. त्याच्या हाताला माहीत नव्हतं. हातानं डावीकडे घेतलं. आता तसबीर आणखी कलली. मग उजवीकडे घेतलं, तर ते जास्त झालं. मग डावीकडे जुळवलं. मग मधोमध एक उंचवटा राहिला, तो काढला. तो काढल्यावर तिथे खळगा. खळगा काढायचा तर दोन्ही बाजू त्याच्या पातळीला आणायला हव्यात. टाइल कमी पडली तर दुसरी आणता येते. कपाळाचं तसं नसतं. तिथे प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक पाऊल मागे. असा हा मिस्त्री घामानं निथळत, जीभ दातांत धरून, एकेक पाऊल मागे हटत राहिला.

सातव्या फेरीला रेघ जुळली. अगदी सरळ! भुवयांच्या कलात! फक्त ती आता कपाळावर नव्हती. ती माथ्याच्या अर्ध्यावर जाऊन बसली होती आणि पुढचं सगळं मोकळं मैदान चकाकत होतं.

आयडेला पहिल्या फेरीपासून दारात उभी होती. 

“गॅस्किन्स,” ती म्हणाली, “तुझं कपाळ कुठे निघालंय?”

“आयडेला, हसू नकोस.”

“हसत नाहीये. निरोप देतेय त्याला.”

व्हर्जिलच्या तोंडचं पाणी पळालं. तो कमोडच्या झाकणावर बसला. त्याला दिसत होतं ते आरशातलं डोकं नव्हे. त्याला दिसत होते मागच्या बाकावरचे ब्रदर होझिया. डोळे अधू झाले तरी हा माणूस बोटांनी डोकं वाचतो! एकदा बाजारात अनोळखी माणसाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले होते, “हे डोकं सव्हानाच्या कोणीतरी कापलंय.” आणि खरं निघालं! त्यांना कळणार. एकोणतीस वर्षांचा माणूस आपल्याला चोरून घरी केस कापतो, आणि कापतो तेही असे! “मी इतका वाईट कापायला लागलो की याला हे बरं वाटलं?” असं त्यांच्या मनात येणार. त्यापुढचा विचार व्हर्जिलच्यानं करवेना.

“तुझी भुवयांची पेन्सिल कुठे आहे?” त्यानं विचारलं.

“गॅस्किन्स, नको.”

“कुठे आहे?”

पुढची पंचवीस मिनिटं त्यानं चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात एकेक ठिपका काढला. टाइल्समधल्या फटी भरायची सवय. काम निगुतीनं केलं. मग आयडेलाकडे वळला.

“दुरून चालेल,” ती म्हणाली.

“किती दुरून?”

“तू इथे, मी अटलांटात.”

आणि दारावरची घंटा वाजली.

आयडेलानं खिडकीतून डोकावलं. “सिस्टर अर्नेटा! दोन्ही हातांत भांडी!”

सिस्टर अर्नेटा म्हणजे चर्चच्या आजारी लोकांची विचारपूस करणाऱ्या मंडळाच्या प्रमुख. त्या घरी आल्या म्हणजे आजारपण सरकारदरबारी नोंदलं गेलं असं समजायचं. व्हर्जिलनं बुटांसकट पलंगात उडी मारली आणि गोधडी नाकापर्यंत ओढली. पण डोकं? रेशमी फडकं घट्ट बांधलं तर पेन्सिल पुसणार! आयडेलानं स्वतःची झोपायची साटीनची टोपी त्याच्या डोक्यावर घातली. जांभळी, चांगली ढगळ, झालर लावलेली.

“ब्रदर व्हर्जिल!” सिस्टर अर्नेटा दारातच थबकल्या. मॅकरोनी-चीजच्या भांड्यावरचा कागद थरथरला. “देवा रे! ब्रदर होझियांनी चर्चच्या ऑफिसात फोन केला तेव्हा आम्हाला वाटलं, सर्दी असेल. पण त्यांचा आवाज असा रडवेला होता! म्हणाले, न्युमोनियाच असणार, त्याशिवाय शनिवार चुकवायचा नाही तो. आजारी लोकांची यादी छापूनसुद्धा झाली. तुमचं नाव सगळ्यात वर आहे!”

“मी रविवारी येतोय, सिस्टर अर्नेटा,” व्हर्जिल गोधडीतून म्हणाला.

“बोलू नका, बोलू नका! घाम बघा किती आलाय! आणि ही टोपी?” त्यांनी आवाज खाली आणला. “आयडेला, दुखणं डोक्यात आहे का गं?”

आयडेलानं नवऱ्याकडे बघितलं. “हो,” ती शांतपणे म्हणाली. “पहिल्यापासून डोक्यातच आहे.”

सिस्टर अर्नेटांनी भांडी खाली ठेवून हात जोडले. मग फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या पास्टरांना लावला. पास्टरांनी स्पीकरवरून अकरा मिनिटं प्रार्थना केली. त्यात मेंदूचा तीनदा उल्लेख आला. व्हर्जिल डोळे मिटून पडला होता आणि घामाचा एक काळा ओघळ त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे निघाला होता. आयडेलानं तो गोधडीच्या कोपऱ्यानं असा टिपला की पाहणाऱ्याला वाटावं, काय ही पतिसेवा!

तासाभरात स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोलार्डची पालेभाजी, दोन अख्खे पाउंड केक, तळलेलं चिकन, कोणाच्या तरी मावशीचं लोणचं. व्हर्जिलला कडकडून भूक लागली होती. पण मेंदूचा रोगी तळलेलं चिकन मागत नाही, एवढं भान त्याला होतं.

साडेपाच वाजता पुन्हा घंटा वाजली. या वेळी आयडेला खिडकीपाशी नुसतीच उभी राहिली.

“कोण आहे?”

“पिशवी घेऊन आलेत,” ती म्हणाली.

व्हर्जिलची पाचावर धारण बसली! तो हे विसरलाच कसा? चर्चच्या यादीत जो जो आजारी असतो, घरातून हलू शकत नाही, त्याच्याकडे ब्रदर होझिया स्वतः जातात आणि पलंगापाशी उभं राहून केस कापून देतात. तीस वर्षांचा रिवाज! ही यादी त्यानं दर रविवारी ऐकली होती. आपण हिच्यात जाऊ हे काही त्याच्या बेतात बसवलेलं नव्हतं.

ब्रदर होझिया आत आले. काळी पिशवी, पांढरा डगला, वर टाय. पलंगाऐवजी त्यांनी आधी कपाटाला विचारलं, “कसं वाटतंय, बाळा?” मग आवाज आला त्या बाजूला वळले.

“मी बरा आहे, ब्रदर होझिया! उद्या उठतोच!”

“पडून राहा. यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं मी कापली आहेत. एक तर माझ्या हाताखालीच गेला, पण कड सरळ घेऊन गेला.” त्यांनी पिशवी उघडली, टॉवेल गरम पाण्यात पिळला. “पुरुषांच्या दिवसाचा अध्यक्ष चर्चमध्ये गेला काय नि देवाकडे गेला काय, केस वाढवून जाणार नाही. टोपी काढ.”

“थंडी वाजते!”

“जूनमध्ये?” आणि त्यांनी टोपी काढली.

व्हर्जिलनं डोळे गच्च मिटले. गरम टॉवेल कपाळावर आला. दाबला गेला. आणि सावकाश, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरला.

व्हर्जिलनं एक डोळा किलकिला केला. ब्रदर होझियांनी टॉवेल डोळ्यांशी अगदी नाकाला लागेल इतका जवळ धरला होता. टॉवेलवर व्हर्जिलची सगळी रेघ उमटली होती, काळीशार! मग त्यांनी टॉवेल खाली ठेवला आणि अंगठा व्हर्जिलच्या भुवईवर टेकवून वर सरकवत नेला. वर, आणखी वर, थेट अर्ध्या माथ्यापर्यंत. तिथे केस लागले. अंगठा थांबला.

संपलं, व्हर्जिलला वाटलं. एकोणतीस वर्षं संपली.

“व्हर्जिल,” ब्रदर होझिया म्हणाले. त्यांचा आवाज तळघरातून आल्यासारखा होता. “हे मी केलं?”

“काय?”

“त्या शनिवारी. मी केलं हे. मला बल्ब अंधुक वाटत होता… आणि तू दोन आठवडे हे तोंड घेऊन फिरलास. पेन्सिलनं भरून! मला कळू नये म्हणून!” ते खुर्चीत बसायला गेले. खुर्ची एक वीत बाजूला होती. आयडेलानं ती वेळेत खाली सरकवली. “म्हणून तू शनिवारी येणार नव्हतास. आजारीबिजारी काही नाहीस तू. माझी तुला भीती वाटली.”

अहो, काय सोपं होतं! नुसतं गप्प राहायचं होतं. चोरी पचली असती, बोलणी टळली असती. पण व्हर्जिलनं त्या माणसाच्या मांडीवर उपडे पडलेले दोन हात पाहिले. याच हातांनी त्याच्या बापाला रविवारसारखं केलं होतं. तो पलंगात ताडकन उठून बसला. बूट गोधडीतून बाहेर आले.

“तुम्ही नाही! मी केलं! आज दुपारी! त्या न्हाणीघरात! माझ्या हातांनी!”

ब्रदर होझियांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. “चांगला आहेस तू, बाळा.”

“अहो, चांगला कसला! लेव्हल लावून केलं मी! चिकटपट्टी लावून!”

“तू?” ते ओले डोळे पुसत हसले. “कोर्टाच्या फरशा बसवणारा तू? आडवं पडून बघितलं तरी तुझी रेघ हलत नाही, हे अख्ख्या गावाला तूच सांगत असतोस. तू केलं असतंस तर ते सरळ, जागच्या जागी झालं असतं. हे…” त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला, “हे डोळे गेलेल्या माणसाचं काम आहे.”

“आयडेला, सांग यांना!”

“यानंच केलंय, ब्रदर होझिया,” आयडेला म्हणाली. “मी दारात उभी होते. सात वेळा केलं यानं. शपथेवर सांगते.”

“तूसुद्धा!” ब्रदर होझिया भारावून गेले. “काय जोडा आहे! एका म्हाताऱ्याचं मन राखायला बायबलवर हात ठेवायची तयारी!”

“न्हाणीघरात केस पडलेत! दाखवतो चला!”

“पडले असतील. काल बुधवार होता, आयडेला मानेवरचे केस काढते, मला ठाऊक आहे.”

त्रेसष्ट वर्षांत व्हर्जिल खोटं फार वेळा बोलला नव्हता. जे बोलला त्यावर लोकांनी चटकन विश्वास ठेवला होता. आज दुपारचीच सर्दी घ्या, तासाभरात मेंदूपर्यंत पोचली. आणि आता छाती ठोकून खरं सांगत होता, तर ते कोणी फुकट घेईना!

ब्रदर होझिया उठले. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, तळहातावर तोललं आणि आयडेलाकडे धरलं.

“घे. तुझा हात चांगला आहे. मला कधीच आवडला नाही, पण चांगला आहे. सगळं काढून टाक याचं. नंबर शून्य. सोमवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो.”

आयडेलानं मशीन घेतलं तेव्हा पहिल्यांदाच तिला थट्टा सुचली नाही. ब्रदर होझिया भिंतीशी उभे राहिले आणि आवाजावरून सांगत राहिले, “कानामागे हळू. तिथे त्याला हुळहुळतं.” त्या सगळ्या लाटा गोधडीवर पडल्या. व्हर्जिलची भूक मेली होती, आणि स्वयंपाकघरात दोन पाउंड केक!

रविवारी ब्रदर होझियांनी भर चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. सगळं सांगितलं. एका भावानं माझं पाप स्वतःच्या कपाळावर घेतलं, पेन्सिलनं झाकलं, आणि धरला गेला तेव्हा म्हणाला, “मी केलं!” चर्चमध्ये “आमेन” चा असा गजर झाला की पंखे बंद पडल्यासारखे वाटले. पुरुषांचा गायकवृंद उभा राहिला. सिस्टर अर्नेटा हुंदके देत होत्या. व्यासपीठावर तुळतुळीत डोक्याचा व्हर्जिल गॅस्किन्स दोन्ही हात वर करून ओरडत होता, “अहो, खरंच मी केलं!” आणि तो जितका ओरडे तितका गजर वाढे.

“खाली बस, साधुपुरुषा,” पहिल्या बाकावरून आयडेला नुसत्या ओठांनी म्हणाली.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली. ब्रदर होझियांनी तोवर दुकान बंद ठेवायचं ठरवलं आणि पाटी लावली. मेकनभर माणसांचा जीव भांड्यात पडला. माणसं फोन करकरून त्यांना म्हणाली, “घाई करू नका, ब्रदर होझिया! निवांत बरे व्हा!” व्हर्जिललाही रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली. मन दुखलं होतं खरं, पण डोळे तर वाचणार होते. सगळं मिळून वाईट झालं नाही, असं त्यानं आयडेलाला सांगितलंही.

मंगळवारी फोन आला.

“व्हर्जिल,” ब्रदर होझिया म्हणाले, “सहा आठवडे हात मोकळा ठेवला तर हात जाईल माझा. मशीनला मी शिवणार नाही, दिलाय शब्द. पण वस्तऱ्याला डोळे लागत नाहीत. तो बोटांनी चालतो. बाकी लोकांवर मी हे करणार नाही, त्यांचा जीव लहान. पण एक डोकं असं आहे की जे कधी तक्रार करत नाही. आणि आता ते सगळंच गुळगुळीत ठेवावं लागणार. शनिवारी नऊ वाजता ये.”

व्हर्जिलनं तोंड उघडलं. एक संपूर्ण चर्च त्याच्या संतपणासाठी उभं राहिलं होतं. त्यानं तोंड मिटलं.

“येतो,” तो म्हणाला.

शनिवारी नऊ वाजता दुकानात ते दोघंच होते. खिडकीजवळची खुर्ची मागे कलली. गरम फेस माथ्यावरून गळ्यापर्यंत आला, छान वास येत होता. ब्रदर होझिया वस्तरा चामड्यावर घासत गुणगुणत होते. मग ते वाकले आणि त्यांची बोटं हलकेच चाचपू लागली.

“व्हर्जिल, हा तुझा कान ना?”

“नाही, ब्रदर होझिया. तो टॉवेल.”

“आणि हा टॉवेल?”

“तो कान.”

“बरं झालं विचारलं,” ब्रदर होझिया म्हणाले आणि त्यांनी वस्तरा टेकवला.